मक्का ते कॉट्सवोल्ड्स, व्हाया तायफ

दर डिसेंबरात इंग्लंडला जाऊन येणारी माणसं मक्केत असतील दहा-वीस. दर डिसेंबरात इंग्लंडला जायचं ठरवणारा मात्र आमच्या ओळखीत एकच, आणि त्याला इथली सगळी कोकणी मंडळी नकाशेचाचा म्हणतात. हा नमुना तसा गल्फमधल्या प्रत्येक शहराला एक याप्रमाणे वाटून दिलेला आहे. कुवेतला आहे, मस्कतला आहे. दमामला दोन आहेत आणि त्यांचं आपसात बोलणं बंद आहे, कारण एकाने दुसऱ्याच्या सहलीतला जेवणाचा थांबा परस्पर बदलला होता. ओळखायची खूण सोपी. साधा माणूस "कुठे जाऊन आलात?" विचारलं की खुलतो. हा "यंदा कुठे जायचा विचार आहे?" विचारलं की खुलतो, आणि जाऊन आलेल्या ठिकाणाबद्दल विचारलं तर चहा मागवतो.

चाचा मूळचे खेड तालुक्यातले. अजीजियात तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि एका कंत्राटदार कंपनीत स्टोअरकीपर आहेत. नोकरीमुळे स्वभाव असा झाला की स्वभाव बघून नोकरी मिळाली, हे आता चाचींनाही सांगता येत नाही. घरात हळदीच्या डब्यावर चिठ्ठी असते : आणल्याची तारीख, वापर, शिल्लक. चाचींनी एकदा वैतागून चिठ्ठीवर लिहिलं, "सहनशक्ती : शिल्लक पाव किलो." चाचांनी त्याखाली "मागणी नोंदवली" असं लिहून तारखेसह सही केली.

आता इंग्लंडच का, आणि तेही ऐन हिवाळ्यात का? मक्केत राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. इथे थंडी ही चैनीची चीज आहे. डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो. पहाटे अठरा-वीसवर उतरला की शेजारचे सौदी आजोबा आतून लोकर लावलेला जाडजूड फरवा पांघरून दारात बसतात आणि कोपऱ्यावरचा बकालेवाला, म्हणजे किराणावाला, कानटोप्या टांगतो. चाचांकडे एक ओव्हरकोट आहे. जेद्द्याच्या बलद बाजारातून घेतलेला. तो डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने कपाटात लटकतो. वर्षातून एकदा चाचा खोलीचा एसी सोळावर लावतात, कोट चढवतात आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत चालून येतात. वजनाची सवय हवी म्हणे.

लंडन त्यांना नकोच आहे. "इमारती बघायला मी मक्का सोडून जाऊ?" असं ते गच्चीतून बोट दाखवून विचारतात. हरमला लागून असलेला क्लॉक टॉवर ६०१ मीटर उंच. लंडनचं ते जगप्रसिद्ध घड्याळ ज्या मनोऱ्यावर आहे तो ९६ मीटर. "ते घड्याळ बघायला आपल्या घड्याळाखालून जायचं? काय रे हिशेब आहे का काही?" चाचांना हवं आहे ते खेड्यातलं इंग्लंड. कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्या, यॉर्कशरचे माळ, लेक डिस्ट्रिक्टची तळी, आणि हे सगळं स्वतः गाडी चालवत, हवं तिथे थांबत. "हवं तिथे थांबत" हे शब्द त्यांच्याच फायलीत आहेत. त्यांच्यापुढे कंसात लिहिलंय : प्रत्येकी सात मिनिटं.

त्यांचा जीव जडला आहे बायबरी नावाच्या गावावर. तिथे आर्लिंग्टन रो म्हणून घरांची एक ओळ आहे, उतरत्या छपरांची, मधाच्या रंगाच्या दगडाची. जगभरचे लोक तिचे फोटो काढतात. चाचांना मात्र सौंदर्याचं विशेष नाही. त्यांनी कुठेशी वाचलं की १३८०च्या सुमारास ती इमारत लोकर साठवायला बांधली आणि विणकरांची घरं तिच्यात मागाहून, सतराव्या शतकात झाली. "म्हणजे स्टोअर होतं!" चाचा उभे राहिले. "साडेसहाशे वर्षांपूर्वीचं स्टोअर! आणि अजून गळत नाही!" त्या दिवसापासून बायबरीचा थांबा सात मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर गेला.

फोटोंत त्या गावांभोवती मातीचुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेली कुंपणं दिसतात आणि त्यांच्या कुशीतून एकच गाडी मावेल असा रस्ता जातो. आपल्याकडचा गडगाच तो. जांभ्याऐवजी पिवळसर चुनखडी, एवढाच फरक. चाचांनी तो फोटो चाचींपुढे धरला तेव्हा चाची म्हणाल्या, "हे तर तुमच्या आत्याच्या वाडीत जायची पाखाडी. त्यासाठी पौंड कशाला मोजायचे? एष्टी जाते." चाचा दुखावले. दोन दिवस त्यांनी फाईल उघडली नाही.

फायलीबद्दल बोलायला हवं. ती एक फाईल नाही, चार आहेत. मेव्हण्याने बर्मिंगहॅमहून आणून दिलेला रस्त्यांचा मोठा ॲटलास पाचवा. मिसफलाच्या एका फोटोकॉपीच्या दुकानात दर हिवाळ्यात चाचा एक-एक दिवसाचं पान लॅमिनेट करून घेतात. दुकानातला बंगाली पोरगा आता त्यांना "इंग्लंडसाब" म्हणतो आणि पान यंत्रात घालण्याआधी स्वतः वाचून शंका विचारतो. पानावर डावीकडे वेळ, मधे ठिकाण, उजवीकडे "पर्यायी व्यवस्था". पर्यायी व्यवस्थेच्याही पर्यायी व्यवस्था आहेत. गाडी बंद पडली तर, बर्फ पडला तर, चाची रुसल्या तर. शेवटच्या नोंदीपुढचा रकाना कोरा आहे.

नुसती हौस म्हणून हसण्यावारी न्यावं असं हे काम नाही, हे मी कबूल करतो. डिसेंबरातल्या इंग्लंडच्या दिवसाचं जे गणित चाचांनी मांडलंय ते भल्याभल्या सहल कंपन्यांना सुचणार नाही. त्या महिन्याच्या उत्तरार्धात कॉट्सवोल्ड्सकडे सूर्य उगवतो आठ वाजून गेल्यावर आणि मावळतो चारच्या आत. दिवस पुरता आठ तासांचाही नाही. आता यात नमाज बसवा. जोहर बाराच्या सुमारास, असर पावणेदोनला, मगरिब चारच्या आधी. म्हणजे दुपारच्या चार तासांत तीन नमाज, आणि उरलेल्या वेळात इंग्लंड. मक्केत अजान कानावर येते, तिथे आसपास मशीद कुठली? चाचांनी तोड काढली. प्रवाशाला जोहर आणि असर एकत्र पढायची सवलत आहे, आपण कोकणी लोक शाफई, आपल्याला ती मोकळेपणाने घेता येते. पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट वोकिंगला जायचं, तिथे १८८९ सालची शाहजहान मशीद आहे, भोपाळच्या बेगमांच्या देणगीतून बांधलेली, मशीद म्हणूनच उभारलेली त्या देशातली पहिली. तिथे दोन्ही नमाज आटपायचे, मग पश्चिमेला. "बघ," चाचा म्हणतात, "भोपाळच्या बाईने आपली सोय सव्वाशे वर्षं आधी करून ठेवली आणि तुझी चाची मला थर्मास भरून द्यायला कुरकुरते."

पंचवीस डिसेंबरचं पान तर बघण्यासारखं आहे. त्या दिवशी इंग्लंडात आगगाड्या धावत नाहीत. मोठी दुकानं उघडायला २००४च्या कायद्यानेच बंदी आहे. जुनी घरं, वाडे, संग्रहालयं, सगळ्यांना कुलूप. चाचांनी हे सगळं शोधून काढलं आणि मग त्या पानावर लिहिण्यासारखं काही उरलं नाही. तरी पान लॅमिनेट केलं. वर ठळक अक्षरांत "दिवस सहावा, २५ डिसेंबर" आणि खाली एकच ओळ : सर्व बंद, खोलीत बसणे, सोबत खजूर नेणे.

घाटांच्या बाबतीत त्यांचं माप एकच, कशेडी. जगातला कुठलाही घाट कशेडीच्या किती पट हे सांगितल्याशिवाय त्यांना तो कळत नाही. इंग्लंडातले डोंगर त्यांनी पहिल्यांदा तपासले तेव्हा ते हसून हसून खोकायला लागले. लेक डिस्ट्रिक्टमधली मोटारीने जाता येणारी सर्वांत उंच खिंड कर्कस्टोन, तिची उंची ४५४ मीटर. "ही खिंड की उंबरठा?" अख्ख्या इंग्लंडातलं सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटर. इथे मक्केतून दीड तासात माणूस हदाचा घाट चढून दोन हजार मीटरवर पोहोचतो, वर चणेफुटाणे खाल्ल्यासारखा मुतब्बक खातो आणि संध्याकाळी घरी येतो. पण मग त्यांना हार्डनॉट खिंड सापडली. उंची चारशेच्या आतच, पण चढ असा की तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर. रस्ता एका गाडीपुरता आणि थंडीत त्यावर न दिसणारं बर्फ. चाचांनी फाईल मिटली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. "दीड कशेडी," एवढंच शेवटी म्हणाले. दुसऱ्या दिवशी हार्डनॉट पर्यायी व्यवस्थेच्या रकान्यात गेला.

गाडी चालवण्याची भीती मात्र त्यांना नाही. सौदी रुखशावर, म्हणजे इथल्या परवान्यावर, इंग्लंडात बारा महिने गाडी चालवता येते, हे त्यांनी फार पूर्वी शोधून ठेवलंय. राहिला प्रश्न बाजूचा. चाचा गाडी शिकले खेड-भरणे नाक्यावर, डावीकडून. जन्म गेला सौदीत उजवीकडून चालवण्यात. "मला शिकायचं काही नाही, नुसतं आठवायचंय," असं त्यांचं म्हणणं. ते आठवण्यासाठी एका शुक्रवारी फजरनंतर त्यांनी मला घेतलं आणि अवालीकडच्या एका मोकळ्या पार्किंगमध्ये नेलं. तिथे त्यांनी डावीकडून फेऱ्या मारायला सुरुवात केली. वळण आलं की मोठ्याने म्हणायचे, "गोल चक्कर, उजवीकडून येणाऱ्याला आधी!" उजवीकडून कुणी येत नव्हतं. चाचा तरी थांबायचे, न आलेल्या इंग्रजाला हात करायचे आणि पुढे जायचे.

चौथ्या की पाचव्या फेरीला उजवीकडून खरंच एक गाडी आली. पोलिसांची.

"रुखसा, इस्तिमारा," शिपाई म्हणाला. चाचांनी परवाना आणि गाडीचे कागद, दोन्ही दिले. "चुकीच्या बाजूने का चालवतोस?" चाचांचं अरबी स्टोअरमध्ये घडलेलं, त्यात नट-बोल्ट आणि सिमेंटच्या गोण्यांचे शब्द भरपूर, बाकी बेताचे. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्या पार्किंगवरून फिरवला आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "या शेख, हाजा कुल्लु बरीतानिया." शिपायाने पार्किंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याने कागद परत दिले, "अल्ला यहदीक" म्हणाला आणि निघून गेला. अल्ला तुला वाट दाखवो, असं ते होतं. चाचांनी ते प्रवासाला दिलेला आशीर्वाद म्हणून घेतलं.

मग एवढं सगळं तयार असताना माणूस जात का नाही? कारणं खरी असतात, हे विशेष. चाचांनी भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी लावली आहेत, एक इंग्रजी, एक हिजरी. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान आणि हज इंग्रजी महिन्यांतून मागे मागे सरकत राहतात. २००६ साली अराफातचा दिवसच २९ डिसेंबरला आला. हजच्या दिवसांत मक्केतल्या कंत्राटदार कंपनीचा स्टोअरकीपर सुट्टी मागतो म्हणजे पंगत बसल्यावर आचारी आंघोळीला जातो. हज सरकून डिसेंबरातून निघाला तर डिसेंबरअखेरची साठामोजणी आली. ती जागची हलत नाही. मधे करोना आला, त्याबद्दल कुणी काही बोलायला नको. २०३० साल तर चाचांनी आत्ताच लाल पेनाने फुली मारून ठेवलंय, कारण त्या वर्षात रमजान दोनदा आहे, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. असला हिशेब करणारा माणूस २०३० सालापर्यंत इंग्लंडला जाणार नाही हे त्यालाही माहीत असावं, अशी मला शंका आहे.

एकदा मात्र सगळं जुळत आलं होतं. पैसेही साठले होते. २०१७च्या जुलैत इथल्या सरकारने परदेशी कामगारांच्या घरच्यांवर माणशी दरमहा शंभर रियालचं शुल्क लावलं आणि दर वर्षी शंभराने वाढवत २०२०मध्ये ते चारशेवर नेलं. इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाला तेव्हा ही रक्कम वर्षाची एकदम भरायची. कितीतरी घरांनी त्या वर्षांत बायकामुलांना कायमचं गावी पाठवलं. आमच्या इमारतीतली चार बिऱ्हाडं रिकामी झाली. चाचांनी चाचींना पाठवलं नाही. त्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत. पण फाईल क्रमांक दोनमध्ये विंडरमिअरच्या पानाला एक चिठ्ठी टाचलेली मी पाहिली आहे : "निधी वळवला. कारण : अत्यावश्यक."

इंग्लंड हुकलं की चाचा हार मानत नाहीत. ते तायफला जातात. तायफ मक्केहून नव्वदेक किलोमीटर, रविवारच्या डब्यासारखी हाताशी असलेली जागा, पण चाचा तिला इंग्लंडची रंगीत तालीम म्हणतात आणि तशीच वागवतात. एका वर्षी त्यांनी तीन गाड्यांचा ताफा काढला. पहिली गाडी त्यांची. दुसरी शेजारच्या आझमगढी मौलानासाहेबांची. तिसरी जेद्द्याहून येणार होती, चाचांच्या कंपनीचे तिथल्या ऑफिसातले हिशेबनीस, मूळ सांगलीचे, आडनाव कुलकर्णी म्हणा की देशपांडे म्हणा, कांदा-लसूण मसाला सोबत घेऊन फिरणारे. मुसलमान नसलेल्यांना मक्केच्या हद्दीत येता येत नाही. त्यांना शहराला वळसा घालून जाणारा वेगळा रस्ता घ्यावा लागतो आणि तो पुढे तायफच्या रस्त्याला मिळतो. म्हणजे एकाच सहलीला निघालेल्या तीन गाड्यांपैकी दोन अराफातवरून येणार, एक डोंगराला वळसा घेऊन, आणि तिघांनी हदाच्या पायथ्याशी सकाळी नऊ चाळीसला भेटायचं. चाचांनी दोन वेगळी वेळापत्रकं छापली होती. सांगलीकर नऊ पस्तीसला हजर. चाचा दहा वाजून वीस मिनिटांनी, कारण चाचींनी निघताना भात परत गरम केला.

वर जाताना घाटात माकडांचे कळप बसलेले असतात, राखाडी आयाळीचे, अंगापिंडाने दांडगे. चाचांच्या पानावर "माकडं : दहा मिनिटं" अशी नोंद होती. माकडांना ती माहीत नव्हती. मौलानासाहेबांनी काच खाली केली, एकाने आत हात घालून तमीसची रोटी नेली आणि तिच्यामागे शिरखुर्म्याचा डबा नेता येतो का हे बघायला दुसरा आला. सगळं मिळून अर्धा तास. वर हदाला धुकं उतरलं होतं. खालून आलेली सगळी मक्का-जेद्दा काचा पुसत गाडीतच बसली होती. थंडी बाकी खरी होती. चाचांनी कोट घातला. त्याच्या डांबरगोळ्यांच्या वासाने सांगलीकरांना त्यांच्या आजीची आठवण आली.

परतीचं नियोजन ही त्या दिवसाची कमाल होती. तायफहून मक्केत परतताना वाटेत मीकात लागतं, एहराम बांधायची हद्द. शाफई मताप्रमाणे उमऱ्याची नियत असेल तरच तिथे एहराम बांधायचा, नुसतं घरी जायचं तर नाही. हनफींच्या मते मीकातच्या बाहेरून मक्केत शिरायचं तर एहराम हवाच आणि उमराही हवा. म्हणून चाचांच्या सामानाच्या यादीत "एहराम, मौलाना, एक जोडी" आणि त्याच्या खाली "थर्मास, सांगली" अशा ओळी लागोपाठ होत्या. त्या मीकातवर, वादीमहरमला, ताफा फुटला. मौलानासाहेब अंघोळ करून पांढऱ्या कपड्यांत उमऱ्याला गेले. सांगलीकर घाट उतरून वळशाच्या रस्त्याने जेद्द्याला गेले. चाचा घरी येऊन झोपले. प्रत्येकाने आपापल्या वाटेने जावं आणि कुणाचा कुणाला ताप होऊ नये, असं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव नियोजन, जे कागदावर होतं तसं पार पडलं.

चाचांची खरी परीक्षा गेल्या हिवाळ्यात झाली. जेद्द्याच्या भाच्याचं लग्न झालं होतं. त्याने चारी फायलींचे फोटो मोबाइलमध्ये काढून घेतले, बायकोला घेतलं आणि सरळ इंग्लंडला निघून गेला. खुरूज-औदा (सौदीतून जाऊन परत यायचा परवाना), ब्रिटिश व्हिसा, तिकिटं, सगळं महिन्यात. चाचा पहिले दोन दिवस अभिमानाने फिरले. तिसऱ्या दिवसापासून त्यांची झोप उडाली, कारण भाचा वेळापत्रक पाळत नव्हता.

"आता कुठे आहेस?"

"बायबरीला, चाचा."

"अजून? तुला काल दोन पन्नासला तिथून निघायचं होतं!"

"इथे छान वाटतंय. चुलीपाशी बसलोय."

चाचांनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. भाच्याने कॉट्सवोल्ड्समध्येच तीन रात्री काढल्या, यॉर्कशर गाळलं, आणि लेक डिस्ट्रिक्टला पोहोचला तो दुपारी साडेतीनला. तिथे अंधार पडत आला होता. चाचांनी त्याला ताबडतोब ग्रासमिअरला पाठवलं. वर्ड्सवर्थ १७९९पासून तिथे राहिला होता आणि त्याची डॅफोडिल्सची कविता चाचांना शाळेपासून पाठ आहे. पानावर "डॅफोडिल्स : वीस मिनिटं" असं होतं.

"फुलं कुठे आहेत, चाचा?"

"तळ्याकाठी बघ."

भाच्याने तिथल्या हॉटेलातल्या बाईला विचारलं. बाई म्हणाली, मार्चमध्ये या. चाचांनी हे ऐकून घेतलं आणि फाईल क्रमांक तीनमध्ये नोंद केली : "फुले उपलब्ध नव्हती. पुढील वेळी आगाऊ चौकशी करणे." चाची हसल्या, पण मोठ्याने नाही. तायफचे गुलाबही मार्च-एप्रिलमध्येच फुलतात आणि चाचा दर डिसेंबरात गुलाबाचे मळे बघायला जाऊन तारेची कुंपणं बघून येतात, हे त्यांना माहीत होतं.

भाचा परत आला तेव्हा चाचांनी त्याला गाव कसं होतं, माणसं कशी होती, असलं काही विचारलं नाही. "कर्कस्टोनला कितवा गिअर लागला?"

"गाडी ऑटोमॅटिक होती, चाचा."

चाचांनी चहा मागवला.

या सगळ्या काळात चाची काय करत होत्या ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. इथे २४ जून २०१८पासून बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. चाचींनी गाजावाजा न करता रुखसा काढला. चाचांना वाटलं, बकाल्यापर्यंत जायला बरं. मागच्या जानेवारीतल्या एका गुरुवारी चाचा कामावरून आले तर चाची खाली गाडीत बसलेल्या, मागच्या सीटवर चादरी आणि पाण्याचा खोका. मला घंटी वाजवून बोलावलं होतंच.

"कुठे?" चाचा.

"बसा."

"पण फाईल..."

"आणा. बसा."

इशाच्या सुमारास आम्ही तायफ ओलांडलं. चाचांनी एवढ्या पुढे जायचं नियोजन कधीच केलं नव्हतं, त्यामुळे त्यांना पुढचं काही माहीत नव्हतं. मांडीवर चारी फायली होत्या, पण त्यांत ऑक्सफर्ड होतं, अल-बाहा नव्हतं. ते दर दहा मिनिटांनी विचारायचे, "इथे थांबायचंय का?" आणि चाची म्हणायच्या, "भूक लागली की." वेग टिपणारा साहेरचा कॅमेरा कुठे असेल याची चिंता करत चाचा स्पीडच्या काट्याकडे बघत राहिले. काटा मर्यादेच्या पाच खाली होता. तो हलला नाही म्हणूनही त्यांना त्रास झाला. मध्यरात्रीच्या आसपास बाहाला एक शुक्का, म्हणजे फ्लॅट, भाड्याने मिळाला. खिडकीबाहेर थंडी होती, खरोखरची, कोटाची. कोट मक्केत कपाटात होता.

सकाळी चाचींनी गाडी घाटात घातली. बाहाहून खाली तिहामाकडे उतरणारा हा रस्ता एकामागून एक बोगद्यांतून जातो. बोगदा संपला की दरी, दरी संपली की बोगदा. चाचांनी उजवा हात डॅशबोर्डवर घट्ट ठेवला होता. कशेडीचं माप त्यांनी एकदाही काढलं नाही. खाली उतरलो तर समोर धी-ऐन. पांढऱ्या संगमरवराच्या टेकडीवर एकाला एक चिकटून बांधलेली दगडी घरं, चारेकशे वर्षांपूर्वीचं गाव म्हणून सांगतात. आता तिथे कुणी राहत नाही. टेकडीच्या पायथ्याशी बारमाही झरा आहे आणि त्याच्या पाण्यावर केळीची बाग, रानतुळस आणि काळजात जाणारा केवडा. आसपासचे लोक केवड्याला कादी म्हणतात आणि दारात बसून विकतात. चाचा गाडीतून उतरले, गावाकडे बघितलं, मग घरांच्या भिंतींना हात लावून बघायला एकटेच वर चढून गेले. दगड कसे बसवलेत, सांधा कुठे आहे, हे ते वाकून वाकून बघत होते. स्टोअरची खोली कोणती असेल, हेही त्यांनी एका राखणदाराला विचारलं असं नंतर कळलं.

ते खाली आले तोवर दुपार झाली होती. चाचींनी मंदीचं, म्हणजे मांस-भाताचं, पार्सल आणलं होतं, गरम, तुपाने माखलेलं. सावलीत चटई टाकली. पण जेवणाखाली अंथरायचा सुफरा घरी राहिला होता. चाचींनी इकडेतिकडे पाहिलं आणि चाचांच्या मांडीवरून फाईल क्रमांक एक उचलली. रिंगा उघडल्या. लॅमिनेट केलेली पानं एकेक करून चटईवर पसरली : दिवस पहिला, वोकिंग. दिवस दुसरा, बायबरी. दिवस चौथा, कर्कस्टोन. त्यावर भात ओतला. चाचा आवाज न काढता बघत होते. बायबरीच्या "दोन पन्नास, प्रस्थान"वरून तूप कर्कस्टोनकडे ओघळलं.

"दिवस पाचवा नको," ते शेवटी म्हणाले. "त्याची दुसरी कॉपी नाहीये."

"नाही घेतला," चाची म्हणाल्या. त्यांनी मांसाचा तुकडा चाचांच्या बाजूला सरकवला आणि फायलीत बोटं घालून आणखी एक पान शोधून काढलं. "हे घ्या पंचवीस डिसेंबर. त्या दिवशी तसंही सगळं बंदच आहे. हाडं ह्यावर टाका."